गुडघाभर बर्फातली मॉन्युमेंट व्हॅली

लाकूड-मातीच्या त्या गोलसर घराचं दार पूर्वेला आहे. ते ढकलून बाहेर आलात की ऊन थेट डोळ्यांवर येतं. डिसेंबर १९६७. ॲरिझोना-युटाच्या सीमेवरचं हे वाळवंट नवाहो लोकांनी १९५८ साली स्वतःचं उद्यान म्हणून राखलं. सिनेमात पाहिलेले तांबडे सुळके समोर उभे आहेत. बर्फ साचलाय तो पायथ्याच्या उतारांवर. वरच्या सरळसोट वालुकाश्मावर तो ठरतच नाही.

चार पावलांत तुमचे बूट भरतात. १२ ते २० तारखेपर्यंत एकामागोमाग दोन वादळं आली. नैर्ऋत्येला फ्लॅगस्टाफमध्ये तेवढ्या दिवसांत ८६ इंच बर्फ पडला, म्हणजे दोन मीटरहून जास्त. इथे इतका नाही, पण मेंढीच्या पोटाला लागतोय. एरवी पाणी पिंपांतून लांबून आणावं लागतं. आज ते दाराशी पडलंय, चुलीवरच्या पातेल्यात वितळतंय. अडलंय ते चाऱ्यापाशी.

वाडग्यात आजी एका मेंढीला गुडघ्यांत धरून बसलीय. पोटाच्या लोकरीत लोंबणारे बर्फाचे गोळे ती मुठीत दाबून फोडते. तुम्ही नुसतेच उभे. ती बोट दाखवत नाही, ओठांनी दुसऱ्या मेंढीकडे खूण करते. बसा आणि लागा कामाला. दोन गोळ्यांतच बोटं बधिर होतात.

आत मुलं बोटांत दोरा गुंफून तारे करतात. हा खेळ फक्त हिवाळ्यातला, जाळं विणणारे कोळी झोपलेले असतात तेव्हाचा. कोल्ह्याच्या लबाडीच्या गोष्टीही आत्ताच सांगायच्या. संकटात माणसं हसतात याचं बाहेरच्यांना फार कौतुक वाटतं. पण गोष्टींचा हंगामच हा, त्याला कोण काय करणार?

मग घरघर ऐकू येते. विमान खाली येतं आणि वाळल्या गवताचे गठ्ठे धप्पकन आदळतात. एक फुटतो. त्यावर आधी शेळ्या तुटून पडतात, मेंढ्या मागाहून. वर्तमानपत्रांत फोटो येतील ते या विमानांचे.

बर्फ वितळू लागला की रस्त्याची तांबडी माती लगदा होईल, ट्रकची चाकं आसापर्यंत रुततील, आणि तेव्हा फोटो काढायला कोणी नसेल. म्हणून आजी फुटलेल्या गठ्ठ्यातलं अर्धं गवत आत्ताच घोंगडीत बांधून घेते आणि गाठोड्याचं दुसरं टोक तुमच्या हातात देते.