ठराव होता, पाणी नव्हतं: चवदार तळ्याची कागदपत्रं वाचताना

महाडचं चवदार तळं म्हटलं की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो. आठवायलाच हवा. पण स्थानिक स्वराज्य संस्था आणि सार्वजनिक पाणवठे असा काही विषय घेऊन तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर त्या दिवसाच्या मागची तीन-चार वर्षं आणि पुढची दहा वर्षंही चाळा. तळं नगरपालिकेचं, ते खुलं केल्याचा ठरावही नगरपालिकेचाच. मग ओंजळभर पाणी प्यायला हजारो माणसांना चालत का जावं लागलं?

आधी ठराव बघू. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला: सरकारी पैशातून बांधलेले किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्था सांभाळत असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. तो मंजूर झाला, पण होती ती शिफारस. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून आपलं तळं खुलं केलं. पुढे तीन वर्षं काहीच नाही. १९२६ मध्ये बोल्यांना पुन्हा उठून सांगावं लागलं, की ज्या नगरपालिका हे अमलात आणत नाहीत त्यांचं अनुदान रोखा. हा दुसरा ठराव पहिल्याबद्दल किती सांगून जातो बघा!

इथे जरा थांबा, कारण कारण तळ्याच्या काठावरच सापडतं. हायकोर्टाच्या निकालपत्रात तळ्याचं वर्णन आहे: चार-पाच एकरांचं पाणी, चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे बहुतेक सवर्णांची आणि थोडी मुसलमानांची घरं. काठालगतच्या जमिनीच्या पट्ट्या, पाण्यात उतरायचे घाट, दगडी बांध हे बऱ्याच ठिकाणी त्या घरमालकांचे. म्हणजे पाणी सार्वजनिक, पण पायऱ्या कुणाच्या तरी. सभेचं इतिवृत्त वाचून ‘तळं खुलं झालं’ असं लिहिणारा अभ्यासक नेमका या पायऱ्यांवर घसरतो. ठरावासोबत नकाशा मागा, असं मी म्हणतो ते यासाठी.

२० मार्चला डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक पाणी प्यायले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, पंचगव्य वगैरे घालून तळ्याची ‘शुद्धी’ झाली. हे तुम्ही वाचलेलं असतं. कमी वाचलेली तारीख ४ ऑगस्ट १९२७ ची: त्या दिवशी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. जोवर ठराव कागदावर होता तोवर तो कुणाला टोचला नव्हता.

डिसेंबरात सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्णांनी कोर्टात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषद भरली, मनुस्मृतीचं दहन झालं, पण तळ्यावर जाणं पुढे ढकललं गेलं. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला; दावा मात्र चालूच राहिला. महाडच्या कोर्टाने १९३१ मध्ये तो फेटाळला, ठाण्याला १९३३ मध्ये अपील फेटाळलं, आणि हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ चा. पाणी प्यायल्याला तोवर दहा वर्षं होत आली होती.

तो निकाल मुळातून वाचाच. समतेचा मोठा उद्घोष शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यासमोरचा मुद्दा रूढीचा होता. अस्पृश्य हे पाणी वापरत नव्हते याचा पुरावा होता; पण ही रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. दावा पडला तो यावर. ती सिद्ध झाली असती तर? अशी रूढी सार्वजनिक हिताच्या विरोधात आहे का, हा प्रश्न मग कदाचित घ्यावा लागला असता. तिथवर जायची कोर्टाला गरजच पडली नाही.