मुलांच्या चष्म्याच्या काचा : कोणते कोटिंग आवश्यक, कोणते ऐच्छिक?

भोपाळमधील पिपलानी ही 'भेल'च्या वसाहतीतील वस्ती. येथील शाळकरी मुलाला पहिला चष्मा लागला की दुकानात पालकांसमोर कोटिंगांची लांबलचक यादी येते. प्रत्येक कोटिंगचे कार्य निराळे असल्याने त्यांचा क्रम जाणून खर्च करणे हिताचे ठरते.

आधी काच, मग कोटिंग : मुलांसाठी पॉलिकार्बोनेट अथवा ट्रायव्हेक्सची काच श्रेयस्कर. चेंडू लागला वा मूल पडले तरी ती सहसा फुटत नाही. साध्या काचेचे तुकडे मात्र डोळ्याला इजा करू शकतात.

ओरखडेरोधक थर : पॉलिकार्बोनेट मऊ असते, त्यामुळे त्यावर लवकर ओरखडे पडतात. म्हणून हा कठीण थर अनिवार्य समजावा. तो ओरखडे कमी करतो, पूर्णपणे टाळत नाही.

परावर्तनरोधक थर : साध्या प्लास्टिकच्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो. हा थर ते प्रमाण बरेच घटवतो. फळ्यावरील अक्षरे व रात्रीचे दिवे अधिक स्पष्ट दिसतात. मोठ्या नंबरात हा थर विशेष उपयुक्त. मात्र त्यावर बोटांचे ठसे चटकन उठून दिसतात.

अतिनील संरक्षण : पॉलिकार्बोनेट बहुतांश अतिनील किरण स्वतःच अडवते. त्यावर या संरक्षणासाठी वेगळे पैसे मोजण्याआधी विचारणा करावी.

निळा प्रकाश रोखणारे कोटिंग : याची जाहिरात मोठी, आधार अल्प. २०२३ मधील कॉक्रेन समीक्षेत १७ चाचण्यांचा आढावा घेण्यात आला. या काचांमुळे अल्पकाळात डोळ्यांचा ताण कमी होतो, असे त्यात आढळले नाही. पडद्यासमोर दर २० मिनिटांनी दूर पाहणे आणि रोज बाहेर खेळणे अधिक हितावह.

उन्हात गडद होणारी काच : ही सोय आहे, गरज नव्हे. भोपाळच्या कडक उन्हात ती डोळ्यांना सुखावते. परंतु तीव्र उष्णतेत तुलनेने कमी गडद होते आणि मोटारीच्या काचेआड पुरेसा रंग धरत नाही.

निगा : कोरड्या काचेवरची धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसल्यास थर ओरबाडला जातो. काच आधी पाण्याने धुवावी, मग मऊ कापडाने टिपावी. उन्हाळ्यात बंद मोटारीत चष्मा ठेवू नये. उष्णतेने कोटिंगला तडे जातात. गोव्यासारख्या दमट, खारट हवेतही चष्मा नियमित धुणे आवश्यक.

खर्चाला मर्यादा असल्यास मजबूत काच, ओरखडेरोधक थर आणि चेहऱ्याला नीट बसणारी चौकट यांना प्राधान्य द्यावे. परावर्तनरोधक थर त्यानंतर. अचूक नंबराची जागा मात्र कोणतेही कोटिंग घेऊ शकत नाही. सुमारे ७-८ वर्षांपर्यंत दृष्टी घडत असते. या वयात चुकीचा नंबर वा न वापरलेला चष्मा डोळा कायमचा मंद करू शकतो. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून वेळोवेळी तपासणी करून घ्यावी.