गोव्याचा खण

नोव्हेंबर उजाडला की मिरजेच्या टपाल कचेरीत म्हाताऱ्या माणसांची वर्दळ सुरू व्हायची. पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. साहेबांसमोर सही करायची, नाहीतर अंगठा उठवायचा, की वर्षाची काळजी मिटली. काम पाच मिनिटांचं. पण आमच्या खात्यातली निवृत्त मंडळी तेवढ्यावर घरी जात नसत. ती स्टेशनकडे वळत, आर.एम.एस.च्या कचेरीत येत, भिंतीकडेच्या बाकड्यावर बसत आणि चहा येईपर्यंत आमच्या हातांकडे बघत राहत.

मी १९८९ साली सॉर्टिंग असिस्टंट म्हणून लागलो. आर.एम.एस. म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. पत्र पेटीत पडतं आणि पोस्टमन ते दारात आणून देतो, हे सगळे जाणतात. मधल्या रात्री ते कुठे असतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते आमच्याकडे असतं. थैल्या फोडायच्या, पत्रं खणांत टाकायची, गठ्ठे सुतळीने बांधायचे, पुन्हा थैली, पुन्हा सील, आणि गाडी सुटायच्या आत थैल्या डब्यात. खण म्हणजे लाकडी फळ्यांच्या कबुतरखान्यासारख्या चौकटीतलं एक घर, आणि प्रत्येक घराला एक गाव नाहीतर एक दिशा.

बाकड्यावर बसणाऱ्यांत आम्ही ज्यांना नुसतं अण्णा म्हणायचो ते एक होते. १९५० साली लागले, १९८८ ला निवृत्त झाले. त्यांची बरीचशी नोकरी धावत्या गाडीत गेली. ऐंशीच्या दशकात गाडीतलं सॉर्टिंग हळूहळू बंद होत गेलं, त्यामुळे माझ्या पिढीने ते पाहिलंच नाही. लाल डबा, आत दोन्ही बाजूंना खण, मध्ये उभं राहायला अरुंद बोळ. रात्रभर उभ्याने काम. अण्णा सांगत, "गाडी वळणावर कलली की पाय आपोआप फाकायचे. घरी आल्यावरसुद्धा दोन दिवस जमीन हलत्येय असं वाटायचं." ज्याला पेटीची वेळ चुकली तो स्टेशनवर धावत येऊन जादा तिकीट लावून पत्र थेट डब्याच्या पेटीत टाकत असे. त्याला 'लेट फी' म्हणत. अशी पत्रं टाकणाऱ्यांचे चेहरे अण्णांच्या लक्षात राहत. बहुतेक तरुण असत, म्हणायचे, आणि पत्र टाकल्यावरही गाडी हलेपर्यंत तिथेच उभे असत.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी माझा हात धरला. पाकिटावर नुसतं 'वडगाव' होतं, तालुका नाही, पिन नाही. मी ते पुण्याकडच्या खणात टाकत होतो, मावळातलं वडगाव समजून. अण्णा बाकड्यावरून उठले, पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "आडनाव बघ. ही माणसं पेठ वडगावची." पाकीट कोल्हापूरच्या खणात गेलं. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, नांदगाव या नावांची गावं महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतील. आडनाव, अक्षराचं वळण, पाठवणाऱ्याचं गाव, शिक्क्यावरची तारीख, एवढ्यावर सॉर्टर निर्णय घेत असे आणि तोही एका पत्रामागे दोन-तीन सेकंदांत.

या गोंधळावर उपाय शोधणारा माणूसही खात्यातलाच, आणि मराठी. श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहिणारा पंडित आणि टपाल खात्यातला मोठा अधिकारी, असे दोन्ही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांची सहा आकड्यांची पिनकोड पद्धत देशभर सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, पहिले दोन मिळून सर्कल, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीचे. भाषा कुठलीही असो, अक्षर कसंही असो, आकडा बोलतो. जुन्या सॉर्टर मंडळींना त्याचा राग आला असेल, असं मला वाटे. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "राग कसला? आमच्या डोक्यातला नकाशाच त्यांनी आकड्यांत लिहून काढला."

या वाक्याचा अर्थ मला पुढे कित्येक वर्षांनी लागला. कणकवलीचा पिन ४१६६०२, सावंतवाडीचा ४१६५१०. आणि ४१६ म्हणजे कोल्हापूर, सांगली, मिरज. रत्नागिरी ४१५६१२, चिपळूण ४१५६०५, आणि ४१५ म्हणजे सातारा. कोकणातल्या गावांनी देशावरच्या शहरांचे आकडे का घ्यावेत? कारण १९७२ साली दक्षिण कोकणात रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण होऊन धावू लागली ती १९९८ मध्ये. तोवर टपाल देशावरच्या स्टेशनांत उतरायचं आणि मोटारीने घाट उतरून खाली जायचं. ती वाट आज बदलली, आकडा तोच राहिला. सिंधुदुर्गातला माणूस पाकिटावर ४१६ लिहितो तेव्हा अण्णांच्या पिढीची घाटवाट लिहितो.

मिरज जंक्शनवरही टपालाची वाट रुळांनीच ठरवली होती. मी लागलो तेव्हा तिथे तिन्ही रुंदीचे रूळ होते. पुणे आणि कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे मीटरगेज, पंढरपूर-कुर्डुवाडीकडे नॅरोगेज. डबा एका रुळावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाही, म्हणून प्रत्येक थैली माणसाच्या पाठीवरूनच पलीकडे जायची. आमचे एक मेलगार्ड होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. निवृत्त होऊनही ते संध्याकाळी फलाटावर यायचे. नोकरीत असताना पावसाळ्यात थैली खांद्यावर आणि छत्री थैलीवर धरत, स्वतः भिजत. "आपन भिजलो तर वाळतो," ते म्हणायचे, "पत्र वाळलं तरी शाई परत येत न्हाई." चाचांना वाचता जेमतेम यायचं. पण थैलीचं वजन आणि घसरण हातांना कळली की आत मनीऑर्डरी जास्त की मासिकं जास्त, हे ते सांगू शकत. दिवाळी अंकांच्या दिवसांत त्यांची पाठ दुखायची, त्याची कौतुकाने तक्रार करत.

सगळ्यात कमी बोलणारे एक पोस्टमन होते. शिराळा तालुक्यातल्या डोंगरी गावांत त्यांची उभी हयात गेली होती, निवृत्तीनंतर मुलाकडे मिरजेला आले होते. त्या भागातली पुष्कळ माणसं मुंबईच्या गिरण्यांत. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत मनीऑर्डरी यायच्या, कूपनवरचा चार ओळींचा मजकूर तेच वाचून दाखवायचे आणि उत्तरही तेच लिहून द्यायचे. कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना घरच्यांच्या आधी कळे आणि ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. थैली हलकी होत गेली. त्यांनी मला सांगितलं ते असं: "बायका उंबऱ्यावर बसलेल्या असायच्या. मनीऑर्डर नाही हे तोंडानं सांगावं लागत नव्हतं. मी गल्लीत वळलो नाही की त्यांना कळायचं. ते मला बघवेना. मग टपाल असो नसो, मी सगळ्या गल्ल्यांतनं जायला लागलो." पुढे काही महिन्यांनी मनीऑर्डर पाठवणारी माणसंच वळकट्या घेऊन गावी परतली. गिरणी संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते मी मन लावून वाचलं आहे. रिकाम्या थैलीने सगळ्या गल्ल्या फिरणारा पोस्टमन मला त्यात भेटला नाही.

आता खणाची गोष्ट. १९५५ साली गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रह पेटला, भारताने नाकेबंदी केली आणि कॅसलरॉकच्या पुढे गोव्यात जाणारी गाडी बंद झाली. अण्णा तेव्हा पंचविशीत, लोंढ्याच्या बाजूच्या सेक्शनवर. त्यांच्या चौकटीत गोव्याचा एक खण होता. गाडीच नाही म्हटल्यावर तो रिकामा पडला. सॉर्टरला रिकामा खण सहन होत नाही, जागा नेहमीच कमी असते. तरी त्यांच्या सेटमधल्या, म्हणजे पाळीवर बरोबर काम करणाऱ्या, कुणीही त्यावर दुसऱ्या गावाची चिठ्ठी डकवली नाही. वरून हुकूम नव्हता. कुणी बोलूनही दाखवलं नाही. सहा-साडेसहा वर्षं बेळगाव आणि धारवाडच्या गठ्ठ्यांची दाटी सोसत तो खण तसाच राखला गेला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, नंतर गाड्या सुरू झाल्या आणि मडगावची पत्रं पहिल्यांदा हातात आली. अण्णांनी न बघता हात वर नेला, खण होता तिथेच होता. हे सांगताना बाकड्यावर बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर, किंचित डावीकडे गेला. समोर चौकट नव्हती, तरी हाताला जागा माहीत होती.

अण्णा गेले, चाचा गेले, शिराळ्याचे पोस्टमनही गेले. मी त्यांचं काही लिहून ठेवलं नव्हतं. दर नोव्हेंबरला ते येणारच आहेत, अशी माझी खात्री होती, आणि या गोष्टीची मला अजून खंत वाटते. वरचं सगळं आठवणीतून लिहिलं आहे. अण्णांच्या सेटमधल्या बाकीच्यांची नावं मी त्यांना कधी विचारली नाहीत.

२०१४ च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' आलं. आता बोट टेकवून किंवा मोबाइलसमोर चेहरा धरून घरबसल्या दाखला होतो, पोस्टमनही घरी येऊन काढून देतो. ऐंशी वर्षांच्या माणसाला रिक्षाने कचेरीत यावं लागत नाही, हे फार चांगलं झालं. पण बाकडं रिकामं राहतं. कामही बदललं, १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. पुढे लागणाऱ्या पोरांना सीलच्या लाखेचा वास सांगूनसुद्धा कळणार नाही.

मनीऑर्डर, तार, लाल डबा यांच्या तारखा खात्याच्या दप्तरात सापडतील. गोव्याच्या खणाची नोंद कुठल्याही दप्तरात नाही, कारण तो राखण्याचा हुकूम कुणी काढलाच नव्हता. तुमच्या घरात, वाड्यात, गल्लीत टपाल खात्यातून निवृत्त झालेलं कुणी असेल, तर येत्या नोव्हेंबरात ते कचेरीत यायची वाट बघू नका. वही घेऊन त्यांच्या घरी जा. बीट कोणतं होतं, सेक्शन कोणतं होतं, बरोबर कोण कोण होतं, एवढं विचारा, आणि ते सांगतील ते नावांसकट उतरवून घ्या.