गजाचा नाद

लंडनच्या उत्तरेकडील चेशंट या गावात 'द मार्क फोर' नावाचा एक वाद्यमेळ होता. १९६६ साली त्याने 'द क्रिएशन' हे नाव धारण केले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये 'मेकिंग टाइम' ही ४५ फेऱ्यांची तबकडी काढली. निर्माता होता शेल टॅल्मी. 'द किंक्स' आणि 'द हू' यांची गाजलेली ध्वनिमुद्रणे त्यानेच घडवली होती. तरीही ही तबकडी ब्रिटनच्या विक्रीक्रमात ४९व्या स्थानापर्यंत पोचली आणि दिसेनाशी झाली. विक्रीच्या आकड्यांवर विसंबणाऱ्या इतिहासाच्या लेखी तिची कथा येथेच संपते.

तिच्यातील नवी गोष्ट त्या आकड्यात मावणारी नव्हती. गिटारवादक एडी फिलिप्स याने विजेच्या गिटारवर व्हायोलिनचा गज चालवला होता. व्हायोलिनची घोडी कमानदार असते, म्हणून गज एकेका तारेला स्वतंत्रपणे स्पर्श करू शकतो. गिटारच्या तारा जवळजवळ एका पातळीत असतात; तेथे मधल्या तारेला गज लावावा तर शेजारच्याही जाग्या होतात. शुद्ध वादनाच्या दृष्टीने हा दोषच. फिलिप्सने तो दोष ध्वनिवर्धकाच्या हवाली केला. छेडलेला स्वर उमटताच विरू लागतो. गजाचा स्वर मात्र हात चालेल तोवर टिकतो. त्या टिकण्यातून करवतीसारखा खरखरीत, रेंगाळणारा एक नाद जन्मास आला.

पाठोपाठ आलेली 'पेंटर मॅन' ब्रिटनमध्ये ३६व्या स्थानावर थांबली, पश्चिम जर्मनीत मात्र पहिल्या दहांत गेली. १९६७ साली मेळाची दीर्घ तबकडी निघाली तीही जर्मनीतच. रंगमंचावर गायक केनी पिकेट पडद्यावर रंग फवारून चित्र काढी आणि मग ते पेटवून दिले जाई. नावीन्याची हौस कमी नव्हती. १९६८ साली मेळ फुटला.

गजाची कीर्ती पुढे जिमी पेजकडे गेली. 'लेड झेपेलिन'ची पहिली दीर्घ तबकडी १९६९ची, म्हणजे 'मेकिंग टाइम'नंतर अडीच वर्षांनी आलेली. पेजवर उसनवारीचा आरोप ठेवणे मात्र न्याय्य नव्हे. ही कल्पना आपल्याला एका व्हायोलिनवादकाने सुचवली, असे त्याने सांगितले आहे. प्रश्न श्रेय कोणी हिरावले हा नाही. ते देण्याइतके श्रोतेच पहिल्याला लाभले नाहीत.

पिकेटला शिखर लाभले ते भलत्याच वाटेने. त्याने हर्बी फ्लॉवर्ससह रचलेले 'ग्रँडडॅड' हे भाबडे गीत विनोदी नट क्लाइव्ह डन याने गायिले आणि १९७१च्या जानेवारीत ते ब्रिटनमध्ये अग्रस्थानी गेले. १९७९ साली 'बोनी एम'च्या 'पेंटर मॅन'ने मूळ तबकडीपेक्षा कितीतरी अधिक यश मिळवले. १९८३ साली अ‍ॅलन मॅकगी याने आपल्या ध्वनिमुद्रिका संस्थेला 'क्रिएशन' हेच नाव दिले. 'ओअ‍ॅसिस'ला जगापुढे आणले ते याच संस्थेने. १९९४ साली पुन्हा एकत्र आलेल्या जुन्या मेळाची तबकडीही तिनेच काढली.

पिकेट १९९७ साली वारला. दुसऱ्याच वर्षी 'रशमोर' या अमेरिकन चित्रपटात 'मेकिंग टाइम' वाजले आणि फिलिप्सचा गज, १९६६ साली जन्मलेही नव्हते अशा श्रोत्यांच्या कानी पडला.