झडतीची हद्द

24 जून 1908 रोजी लोकमान्य टिळकांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि लागलीच पुण्यातील त्यांच्या वाड्याची व सिंहगडावरील घराची झडती घेण्यात आली. खटला 'केसरी'तील लेखांवर होता. ते लेख छापून गावोगाव पोहोचलेले. त्यांच्यासाठी घर धुंडाळण्याचे कारण नव्हते. परंतु झडतीत एक पोस्टकार्ड हाती लागले. त्यावर स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांची नावे टिपलेली होती. सरकार पक्षाने ते पुराव्यात मांडले. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहिण्यासाठी ती नावे टिपली, असा खुलासा टिळकांनी केला. 22 जुलैला ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा दिली. त्या कार्डानेच निकाल फिरविला असे कोणी म्हणणार नाही. पण लेखांच्या खटल्यावर बॉम्बची सावली त्याने पाडली, हे खरे.

हा धोका इंग्रजांना ठाऊक होता. एंटिक नावाच्या लेखकाचे सारे कागद उचलून नेणारे वॉरंट 1765 साली लॉर्ड कॅमडन यांनी बेकायदा ठरविले होते. अमेरिकनांनी 1791 मध्ये, वॉरंटात जागा व वस्तू नेमकी सांगितलीच पाहिजे, असे घटनेत लिहून ठेवले. हिंदुस्थानासाठी केलेल्या 1898 च्या संहितेत मात्र सर्वसाधारण झडतीस वाव राहिला. जागेची मर्यादा न्यायालयाने 'योग्य वाटल्यास' घालावी, एवढेच. ही तरतूद 1973 च्या संहितेत उतरली आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 96 मध्येही आली.

ह्या दोन शब्दांचे वजन आता कळते. मुळशी तालुक्यातील नांदे हे गाव हिंजवडीच्या संगणक-नगरीच्या शेजारचे. तेथील साध्या घरातल्या मोबाइलमध्येही टिळकांच्या साऱ्या दप्तराहून अधिक कागद असतात: पत्रे, हिशेब, औषधांच्या चिठ्ठ्या, लेकीसुनांची छायाचित्रे. पूर्वी पंचनाम्यात कागदांची मोजदाद होई. आता 'मोबाइल नग एक' एवढी नोंद पुरते. नव्या संहितेचे कलम 105 झडतीचे चित्रीकरण सक्तीचे करते, हे चांगलेच. पण ते चित्रीकरण खोलीचे. फोनच्या आत पुढे काय शोधले, ते त्यात दिसत नाही.

2018 च्या एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी संगणक जप्त केले. त्यांपैकी एका लॅपटॉपमध्ये दस्तऐवज बाहेरून घुसविले गेले, असा एका अमेरिकन तज्ज्ञसंस्थेचा अहवाल 2021 मध्ये बचावपक्षाने पुढे आणला. तपासयंत्रणेला तो मान्य झाला नाही. वाद कोणत्याही बाजूने सुटो, जप्तीच्या क्षणीच मजकुराची प्रत व तिचा 'हॅश' हा अंकीय ठसा दोन्ही पक्षांच्या हाती असणे किती अगत्याचे आहे, हे त्यातून दिसते.

न्यायालये जागी होत आहेत. अटकेत सापडलेला फोन पाहण्यासही वॉरंट हवे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरविले. आपल्याकडे 2017 साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि 2023 मध्ये पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीबाबत सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला नियम करावयास सांगितले.

गुन्ह्याचा तपास अडावा असे कोणीच म्हणणार नाही. मात्र कोणता गुन्हा, कोणत्या तारखांतील कोणता मजकूर, हे वॉरंटात लिहिणे न्यायाधीशाच्या मर्जीवर न ठेवता बंधनकारक करावे. तसे न केल्यास, खटला एका गोष्टीचा आणि पोस्टकार्ड दुसऱ्याच गोष्टीचे, हा 1908 चा प्रकार घरोघर घडू शकेल.