२०५ आणि १३० : चाकाच्या बोल्टांतला ७५ मिलिमीटरचा इतिहास

१/ फोक्सवॅगन बीटल आणि पोर्शे ९११ या एकाच कुळातल्या मोटारी. तरीही ९११ चे चाक जुन्या बीटलला बसत नाही. बोल्ट दोन्हींना पाचच. फरक आहे तो त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या काल्पनिक वर्तुळाचा. बीटलच्या वर्तुळाचा व्यास २०५ मिलिमीटर, ९११ च्या वर्तुळाचा १३०. हे अंतर कसे पडले? 🧵

२/ बीटलचा आराखडा १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांच्या कार्यालयात तयार झाला. मोटार साधी आणि स्वस्त असावी, हे उद्दिष्ट होते. बोल्ट थेट ब्रेक-ड्रमच्या कडेजवळ बसवले गेले. त्यामुळे चाकाचा मधला भाग मोकळाच राहिला आणि ती पोकळी ड्रमने भरून काढली.

३/ युद्धानंतर, १९४८ मध्ये, ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे फर्डिनांड यांचे पुत्र फेरी पोर्शे यांनी पहिली ३५६ उभी केली. साधने तुटपुंजी होती, म्हणून अनेक सुटे भाग फोक्सवॅगनचेच वापरले गेले. त्यांच्यासोबत २०५ चे वर्तुळही वारशाने आले.

४/ हा वारसा वेगापुढे टिकला नाही. १९६३ मध्ये आलेल्या ३५६ सी या आवृत्तीला चारही चाकांवर डिस्क-ब्रेक मिळाले. डिस्क आणि तिला आवळणारा कॅलिपर यांना चाकाच्या पोटात जागा हवी होती. बोल्ट आत सरकले आणि वर्तुळ १३० वर आले. ९११ ने तेच स्वीकारले.

५/ १९६६ मध्ये ९११ एस या मोटारीवर ओटो फुक्स कंपनीची पाच पाकळ्यांची, घडीव मिश्रधातूची हलकी चाके झळकली. कॅलिफोर्नियातील तरुण बीटलधारकांना त्यांची भुरळ पडली. ती बसवण्याचे मार्ग दोन : ड्रमला नवी भोके पाडणे किंवा मध्ये अडॅप्टर घालणे.

६/ अडॅप्टर म्हणजे भोकांची दोन वर्तुळे असलेली धातूची जाड तबकडी. बाहेरच्या वर्तुळातून ती ड्रमला आवळली जाते. आतल्या वर्तुळावर नवे चाक चढते. मात्र तिची किंमत मोजावी लागते. २५ मिलिमीटरची तबकडी दोन्ही बाजूंना लावली, की समोरासमोरच्या चाकांतले अंतर ५० मिलिमीटरने वाढते. बेअरिंगवरचा भार वाढतो, चाक मडगार्डला घासू शकते. एखादा बोल्ट सैल राहिला, तर प्रश्न थेट जिवाचा होतो.

७/ तरीही इतिहासाच्या दृष्टीने या दोन मार्गांत मोठा भेद आहे. भोके पाडलेला ड्रम पूर्ववत होत नाही. अडॅप्टर मात्र काढून ठेवता येतो. ऐतिहासिक वाहनांच्या जतनासाठी केलेली तुरीन सनदही हेच सुचवते : बदल शक्यतो उलटवता येण्याजोगे असावेत आणि काढलेले मूळ भाग वाहनासोबत जपावेत.

८/ जुनी मोटार हेही एक साधनच आहे, दप्तरातल्या कागदासारखे. तिच्या ड्रमवरची २०५ ची पाच भोके युद्धपूर्व काटकसरीची साक्ष देतात. नवे चाक हौसेने जरूर बसवावे. फक्त त्यासाठी ती साक्ष पुसली जाऊ नये.