तण उपटताना

माझ्या मावसभावाचं मेल अकाउंट मीच 'मट'मध्ये लावून ठेवलंय. मागच्या महिन्यात त्याला नोकरीच्या ऑफरचा एक बनावट मेल आला आणि पठ्ठ्याने पाच हजार डिपॉझिट भरून टाकलं! मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या एका मित्राला मी तो मेल फॉरवर्ड केला आणि मूळ मेल डिलीट करून मोकळा झालो. मित्राचं उत्तर आलं, "अरे, 'रिसीव्ह्ड'च्या ओळी कुठेत? मेल कुठून निघाला ते शोधू कसं?"

ओळी गायब. म्हटलं, हा घोळ मुळापासून बघूया.

अर्पानेटच्या सुरुवातीला मेलवर पत्ता-तारीख लिहायची सगळ्यांची मिळून अशी एक रीत नव्हती. सप्टेंबर १९७३ मध्ये आरएफसी ५६१ ने ती सुचवली. लेखक चार, आणि पहिलं नाव अभय भूषण. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे! पुढे १९८२ साली डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी ८२२ ने हेडरची व्याकरणं पक्की केली. त्यात मेल पुढे पाठवणाऱ्यासाठी 'रीसेंट-'ने सुरू होणारी वेगळी हेडर्स होती. जुनी तशीच ठेवायची, आपली वर चढवायची.

पण लोकांना आपल्या दोन ओळी लिहून खाली मूळ पत्र जोडायचं असतं. त्यासाठी जानेवारी १९८५ मध्ये रोझ आणि स्टेफरुड यांचा आरएफसी ९३४ आला: मूळ पत्र डॅशने सुरू होणाऱ्या दोन रेघांच्या मध्ये ठेवा. १९९२ च्या माइमने तर पाकिटात अख्खं पाकीट घालायची सोय केली.

मायकेल एल्किन्सने १९९५ मध्ये मट लिहिला, तेव्हा या दोन्ही वाटा तयार होत्या. मट म्हणजे मिश्र जातीचं कुत्रं. एल्म, पाइन वगैरेंकडून बरंच काही उचललेलं, म्हणून हे नाव. यात 'माइम_फॉरवर्ड' मुळात बंद असतं, म्हणजे मूळ मेल मजकुरातच उतरतो. आणि 'वीड' चालू असतं. वीड म्हणजे तण! 'इग्नोर'च्या यादीतली हेडर्स वाचतानाच नाही, तर अशा फॉरवर्डमध्येही उपटली जातात. माझ्या कॉन्फिग फाइलमध्ये होतं 'इग्नोर *' आणि खाली जेमतेम पाच हेडर्सना 'अनइग्नोर'. स्क्रीन सुटसुटीत दिसावी म्हणून कधीतरी कुणाची तरी फाइल बघून चिकटवलेलं. म्हणजे पुरावा मीच उपटला :-(

आता 'माइम_फॉरवर्ड' ला 'आस्क-नो' दिलंय. दरवेळी मट विचारतो. 'हो' म्हटलं की अख्खा मेल हेडर्ससकट जोडला जातो. ('माइम_फॉरवर्ड_डीकोड' मात्र बंदच ठेवा, नाहीतर तिथेही तण निघतं.) किंवा सरळ 'बी' दाबून बाउन्स करा, तीच ती १९८२ ची 'रीसेंट' वाली युक्ती.

भावाचे पैसे काही परत आले नाहीत. ओळी असत्या तर आले असते असंही नाही. पण तक्रारीला जोडायला काहीतरी हातात असतं. तेव्हा मंडळी, डिलीट करायच्या आधी एकदा 'एच' दाबून सगळी हेडर्स बघा आणि मूळ मेल जपून ठेवा.